दूध कट्ट्याच्या गावात दुधाविना तब्येत: नव्या व्हीगन व्यायामपटूसाठी प्रथिनांचा हिशोब

कोल्हापुरात तब्येत करायची म्हटलं की पहिलं नाव दुधाचं निघतं. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर धार काढली जाते आणि फेसाचा ग्लास तिथल्या तिथं रिकामा होतो. तालमीत बदाम-खसखशीची थंडाई, घरात वरणभातावर तूप, आणि रविवारी तांबडा-पांढरा. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला त्या काळापासून खुराक म्हणजे काय, हे या गावाला कुणी शिकवावं लागलेलं नाही. अशा ठिकाणी एखाद्यानं “मी मटण, अंडी, दूध, तूप सगळं सोडलंय आणि वजनं उचलायला लागलोय” असं सांगितलं, की समोरच्याच्या भुवया वर जाणारच. “दूध न्हाई, तूप न्हाई, मग अंगाला काय लागणार रं?”

प्रश्न चेष्टेचा वाटला तरी चुकीचा नाही. उत्तर मात्र आपल्याच स्वयंपाकघरात आहे. कडधान्यं, डाळी, शेंगदाणे, तीळ, सोयाबीन यांवर अंग भरतं. अडचण येते ती मापात. आपल्या ताटात भाकरी आणि भात मुख्य, आमटी तोंडी लावण्यापुरती; व्यायाम करणाऱ्या व्हीगन (प्राण्यांपासून आलेलं काहीच न खाणाऱ्या) माणसाला हे ताट उलटं करावं लागतं. पुढं जे काही सांगतोय ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

पहिलं काम: आपला आकडा काढा

बैठं काम करणाऱ्या निरोगी माणसाला दिवसाला दर किलो वजनामागं ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत आहे. वजनं उचलून स्नायू वाढवायचे असतील तर एवढ्यावर भागत नाही. त्यासाठी साधारण १.६ ग्रॅम हा आकडा धरतात. वनस्पतीतली काही प्रथिनं जरा कमी पचतात, म्हणून १.८ पर्यंत गेलात तरी हरकत नाही, पण सुरुवातीला १.६ गाठणंच पुष्कळ झालं.

वजन ६५ किलो असेल तर ६५ गुणिले १.६, म्हणजे १०४ ग्रॅम. ५० किलोच्या मुलीला ८० ग्रॅम. ज्यांचं वजन बरंच जास्त आहे त्यांनी आत्ताच्या वजनाऐवजी जिथं पोचायचंय ते वजन धरावं, नाहीतर उगाच डोंगराएवढा आकडा येतो आणि माणूस दुसऱ्याच दिवशी नाद सोडतो.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवायचा. हे सांगायचं म्हणून सांगत नाही, खरंच विचारा.

कोरड्या मापानं मोजायला शिका

नव्या माणसाची फसगत इथं होते. “तूरडाळीत २२ टक्के प्रथिनं” असं कुठंतरी वाचायचं आणि दुपारी वाटीभर आमटी पिऊन २२ ग्रॅम मिळाले असं मानायचं. ते २२ ग्रॅम १०० ग्रॅम कोरड्या डाळीतले. घरच्या पातळ आमटीच्या एका वाटीत डाळ असते २०-२५ ग्रॅम, बाकी पाणी, चिंच, गूळ आणि फोडणी. हातात पडतात जेमतेम ५ ग्रॅम.

म्हणून शिजलेल्या अन्नाचा अंदाज बांधत बसू नका. डाळ, मटकी, पीठ भिजवण्याआधी तोला आणि कोरड्या मापावर हिशोब धरा. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा काही शे रुपयांत मिळतो. पहिले पंधरा दिवस तो ओट्यावर ठेवा. नंतर मुठीचा आणि वाटीचा अंदाज आपोआप बसतो आणि काटा कपाटात जातो.

डोक्यात ठेवायचे आकडे फार नाहीत. १०० ग्रॅम कोरड्या मालात मूगडाळ आणि मसूरडाळ सुमारे २४, तूर, हरभराडाळ आणि हुलगे २१-२२, मटकी आणि राजमा २०, अख्खा हरभरा १९. शेंगदाणे २४, तीळ २२, कारळे आणि जवस १९ च्या आसपास. ज्वारी १०, गव्हाचं पीठ साडेदहा, तांदूळ ८, नाचणी ७. आणि या सगळ्यांच्या वर सोयाबीन ३६, सोया चंक्स (सोयाच्या वाळलेल्या वड्या) तर ५० च्या पुढं. बदामात १८ आहेत, पण १०० ग्रॅम बदाम कोण खातं? वीस बदामांत साडेचार ग्रॅम येतात. थंडाईतले बदाम चवीला आणि ताकदीला चांगले. प्रथिनांचा भार त्यांच्यावर टाकू नका.

प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात. धान्यात लायसीन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळी-कडधान्यांत ते भरपूर. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्यात आणि तिळात मिळतं. भाकरी-उसळ, भाकरी-झुणका, डाळ-भात या जोड्या आपल्या आज्यांनी कुठलाही तक्ता न बघता जमवल्या. दोन्ही एकाच घासात यायला पाहिजेत असंही काही नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेले की झालं.

दुधानं सोडलेली जागा भरा

रोज अर्धा लिटर म्हशीचं दूध पिणाऱ्यानं ते बंद केलं, की दिवसाच्या हिशोबातून सुमारे १८ ग्रॅम प्रथिनं आणि ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम एकदम कमी होतं. दूध सोडल्यावर हातपाय गळाल्यासारखे वाटतात अशी तक्रार बरेच जण करतात, त्यामागं बहुधा एवढंच असतं: काढून टाकलं, पण जागी काही ठेवलं नाही.

प्रथिनांसाठी सोया दूध हा सरळ बदल. साध्या, बिनसाखरेच्या सोया दुधाच्या पाव लिटरच्या ग्लासात ७-८ ग्रॅम मिळतात. बदामाचं आणि ओटचं दूध चहा-कॉफीला ठीक आहे, पण त्यात प्रथिनं नावालाच असतात. पाकिटाची मागची बाजू वाचा. कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, शेवग्याचा पाला. नाचणीत १०० ग्रॅमला ३६० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे. बाजारातल्या सोया दुधात कॅल्शियम मिसळलेलं असेल तर ते तळाशी बसतं, डबा हलवूनच ओता.

आता जवळच्या माणसांचं. आईला “मी व्हीगन झालो” म्हणून सांगितलंत तर तिला काय करायचं ते कळणार नाही आणि काळजी मात्र लागेल. त्यापेक्षा “आई, माझ्या भातावर तूप घालू नकोस, आणि उसळ जरा जास्त टाक” हे कळतं. अंबाबाईच्या देवळातून आणलेला पेढा हातावर पडला तर वाद न घालता शेजारच्या पोराच्या हातावर ठेवावा. प्रसादाचा मान राहतो आणि पोरगं खूश.

सोयाबीन घरात आणा

कोल्हापूर जिल्ह्यात खरिपात मैलोन् मैल सोयाबीन उभं असतं. ते कापलं जातं, मळलं जातं, तेलासाठी आणि पेंडीसाठी जातं, आणि ज्या शिवारात पिकलं तिथल्या ताटात मात्र येत नाही. गावाकडं कुणाची शेती असेल तर दोन-चार किलो बाजूला ठेवायला सांगा. शहरात लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या दुकानात मिळतं. बियाण्याचं म्हणून आलेलं, औषध चोळलेलं सोयाबीन चुकूनही खायला घ्यायचं नाही.

आधी एक भीती काढून टाकू. “सोया खाल्लं की पुरुषाचं पाणी कमी होतं” हे जिममध्ये कुणीतरी सांगणारच. सोयातल्या आयसोफ्लेव्होन या घटकाचा पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकावर परिणाम होतो का, हे अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र करून तपासलं गेलंय, आणि तसा परिणाम दिसलेला नाही. साओ पाउलो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात व्हीगन तरुण आणि मांसाहारी तरुण अशा दोन गटांकडून बारा आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला. दोघांनाही दर किलोमागं १.६ ग्रॅम प्रथिनं, व्हीगनना कमी पडतील तेवढी सोया प्रोटीनमधून. स्नायू आणि ताकद दोन्ही गटांत सारखीच वाढली. वस्तादांशी वाद घालायला हे वापरू नका, ते ऐकणार नाहीत. स्वतःच्या मनातली शंका मिटवायला मात्र पुरेसं आहे.

काळजी एकाच बाबतीत घ्यायची. थायरॉइडची गोळी सुरू असेल तर सोयामुळं ती नीट शोषली जात नाही, म्हणून गोळी आणि सोया यांत चार तासांचं अंतर ठेवा.

सुरुवात चंक्सपासून करा, कारण ते स्वस्त आहेत, टिकतात आणि ४० ग्रॅमला २० ग्रॅम प्रथिनं देतात. लोक नाक मुरडतात ते त्यांच्या कच्चट वासाला, आणि तो वास जातो पिळण्यानं. पाणी खळखळून उकळा, मीठ घाला, चंक्स टाकून पाच-सहा मिनिटं ठेवा. चाळणीवर ओतून गार पाणी सोडा. आता दोन तळव्यांत चार-पाच चंक्स धरून घट्ट पिळा. पिवळसर, साबणासारखं फेसाळ पाणी निघेल. परत पाण्यात बुडवा, परत पिळा. पाणी स्वच्छ यायला लागलं की थांबा, साधारण तिसऱ्या खेपेला येतं. मग कांदा-लसूण चटणी, आलं-लसूण, हळद आणि लिंबू चोळून अर्धा तास झाकून ठेवा. पिळून कोरडा झालेला चंक मसाला आतपर्यंत ओढून घेतो; न पिळता टाकलात तर आत पाणीच राहतं आणि रस्सा बाहेर, चंक फिक्का.

लोखंडी तव्यावर थोड्या तेलात कडा तांबूस होईपर्यंत परता. बाजूला कांदा आणि सुकं खोबरं भाजून, त्यात तीळ-खसखस घालून वाटण करा, तेलात घरची चटणी टाकून कट सुटू द्या, आणि मग चंक्स सोडून दहा मिनिटं उकळी. भाकरी चुरून खाण्याजोगा तांबडा रस्सा तयार. पांढऱ्या रश्शाची हौस असेल तर नारळाचं दूध, काजू आणि तिळाचं वाटण आणि भाज्यांचं पाणी यांवर तोही बरा जमतो. मटणाच्या अळणी पाण्याची सर त्याला येते असं मी म्हणणार नाही.

अख्खं सोयाबीन जरा हट्टी. रात्रभर भरपूर पाण्यात भिजवा, सकाळी चोळून सालं काढा, भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात कुकरला चांगल्या पाच-सहा शिट्ट्या द्या. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, ते शिजवल्यावर निष्क्रिय होतात, म्हणून मोड आणून कच्चं खाण्याचा प्रयोग यात नको. नुसत्या सोयाबीनची उसळ घरच्यांना आवडत नाही. निम्मी मटकी किंवा हरभरा आणि निम्मं सोयाबीन घेतलं की कुणी तक्रार करत नाही.

दूध घरी करायचं तर भिजलेलं, सोललेलं सोयाबीन गार पाण्यात वाटू नका. आधी दहा मिनिटं उकळत्या पाण्यात टाका, मग वाटा, की तो शेंगेसारखा वास येत नाही. १०० ग्रॅम सोयाबीनला पाऊण ते एक लिटर दूध निघतं. गाळून घेतलेलं दूध मोठ्या पातेल्यात तापवा, पातेलं निम्मंच भरा. उकळायच्या आधीच फेस वर चढतो आणि गॅस धुवायची वेळ येते. फेस खाली बसल्यावर मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळू द्या. हेच दूध लिंबानं किंवा व्हिनेगरनं फाडून, फडक्यात दाबून ठेवलं की टोफू. गाळून उरलेला चोथा थालीपिठात घाला, टाकू नका.

आणि सगळ्यात कमी कष्टाचं काम गिरणीतलं. पाच किलो गहू नेताना त्यात अर्धा किलो हलकं भाजलेलं सोयाबीन मिसळा. नुसतं सोयाबीन दळायला गिरणीवाला नाही म्हणेल, तेलकट असल्यानं ते जात्याला चिकटतं. गव्हात मिसळलं की चालतं. त्या पिठात १०० ग्रॅममागं प्रथिनं साडेदहावरून १३ च्या आसपास जातात, आणि चपातीत कुणाला पत्ताही लागत नाही.

दिवसाचं ताट मांडा

६५ किलोच्या माणसाला १०४ ग्रॅम हवेत. सकाळी व्यायाम करून आल्यावर ६० ग्रॅम मूगडाळीची धिरडी, सोबत १५ ग्रॅम शेंगदाण्यांची चटणी आणि ग्लासभर सोया दूध: २५ ग्रॅम. दुपारी ६० ग्रॅम मटकीची उसळ, १२० ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकऱ्या, थोडी कारळ्याची चटणी: २६. चारच्या सुमारास ५० ग्रॅम फुटाणे: १०. रात्री ४० ग्रॅम चंक्सचा रस्सा आणि सोया मिसळलेल्या ९० ग्रॅम पिठाच्या तीन चपात्या: ३२. बेरीज ९३ आली. ११ कमी पडतात. दिवसात कधीतरी ३० ग्रॅम भाजके शेंगदाणे (७) आणि रात्री अर्धी वाटी घट्ट वरण (४). झाले १०४.

यात पावडर नाही, परदेशी बिया नाहीत, लक्ष्मीपुरीत न मिळणारी एकही वस्तू नाही. पण चंक्स आणि सोया दूध काढून बघा. २८ ग्रॅम एका झटक्यात जातात आणि ते भरायला आणखी सव्वाशे ग्रॅमभर डाळ लागते. सोया वर्ज्य असणाऱ्यांना म्हणूनच जास्त खटपट पडते. त्यांनी दाट मसूर, हरभऱ्याचं सत्तू आणि बेसनाचा झुणका यांवर भर द्यावा, आणि वाटाणा-तांदळाची प्रोटीन पावडर बहुधा घ्यावीच लागेल हे धरून चालावं.

सगळ्यात लंगडं जेवण असतं ते सकाळचं. पोह्यांच्या बशीत ५ ग्रॅम, उप्पीट तसंच. एका वेळेला २५ ग्रॅमच्या आसपास आणि दिवसातून तीन-चार वेळा, अशी विभागणी स्नायूंसाठी चांगली. रात्री एकदम ७० ग्रॅम खाऊन भरपाई करायची ही सवय लावू नका. व्यायामानंतर अर्ध्या तासाच्या आत खाल्लं नाही तर सगळं वाया गेलं, ही भीतीही नको. तास-दोन तासांत नीट जेवा.

पोट फुगणार. पहिले काही दिवस गॅस होतोच, कारण आतड्याला एवढ्या कडधान्याची सवय नसते. एकदम १०४ वर उडी न मारता दर आठवड्याला १५-२० ग्रॅम वाढवा. कडधान्य किमान आठ तास भिजवा, ते पाणी टाका, मोड आणा, फोडणीत हिंग आणि ओवा घाला. मूग आणि मसूर पोटाला हलके, तिथून सुरुवात. राजमा, वाटाणा आणि वरणा नंतर. पाणी वाढवा, एवढा चोथा पोटात जाताना पाणी कमी पडलं तर उलटा त्रास. थंडीच्या दिवसांत हुलग्याचं माडगं संध्याकाळी फार छान लागतं. नेहमी ताक घालत असाल तर त्याऐवजी कोकम घाला.

बाहेर खाताना

कोल्हापूर याबाबतीत दिसतं त्यापेक्षा सोयीचं आहे. मिसळ घ्या: कट, मटकी, फरसाण, कांदा, यात दुधाचं काही नसतं. दही नको म्हणा, आणि ब्रेडमध्ये दूध पावडर आहे का ते विचारा. फक्त मिसळीच्या ताटात मटकीचा थर पातळ असतो आणि फरसाणाचा ढीग. “मटकी जास्त, फरसाण कमी” असं सांगितलं तर बहुतेक ठिकाणी देतात, वर दहा रुपये गेले तर जाऊ द्या. झुणका-भाकर आणि खर्डा डोळे झाकून खावा. हायवेच्या ढाब्यावर अख्खा मसूर मिळतो, तो बटर न घालता तेलात करायला सांगा आणि नान टाळा, त्यात दही-दूध असतं.

हॉटेलातला “व्हेज पांढरा रस्सा” मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका, त्यात साय किंवा दूध घालण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. भडंग खिशात ठेवायला चांगलं, पण त्यात शेंगदाणे किती आणि चुरमुरे किती हे बघून मगच प्रथिनांत धरा.

बी १२, डी आणि लोह

बी १२ वनस्पतीत मिळत नाही. स्पिरुलिनात असतं म्हणतात, पण त्यातला बहुतांश बी १२ आपल्या शरीराच्या कामाचा नसतो. यावर चर्चा नको, गोळी घ्या. आधी रक्त तपासा. पातळी खाली असेल तर डॉक्टर इंजेक्शन किंवा मोठा डोस देतील. पातळी बरी असेल तर आठवड्याला एकूण २००० मायक्रोग्रॅम किंवा रोज एक छोटी गोळी असा क्रम व्हीगन लोकांत रूढ आहे. हातापायाला मुंग्या येणं आणि विनाकारण थकवा ही कमतरतेची लक्षणं, ती “व्यायामाचा थकवा असेल” म्हणून अंगावर काढू नका.

डी जीवनसत्त्वाची तपासणी त्याच वेळी करून घ्या. बाजारातलं डी ३ बहुधा मेंढीच्या लोकरीच्या मेणातून काढलेलं असतं आणि कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं. लायकेनपासून (दगडफूल त्याच जातीचं) केलेलं डी ३ किंवा डी २ मागा. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा. चहा कोराच प्यायचा असला तरी.

पावडर आणि क्रिएटिन

पावडर म्हणजे सुकवलेलं अन्न, चमत्कार नव्हे. कॉलेजचं, नोकरीचं धावतं वेळापत्रक असेल आणि रोज २० ग्रॅम कमी पडत असतील तर सोया आयसोलेट (सोयातून वेगळं काढलेलं प्रथिन) किंवा वाटाणा-तांदळाचं मिश्रण घ्या. ३० ग्रॅमच्या मापात २२-२४ ग्रॅम मिळतात. डब्यावर एफएसएसएआय या सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचा परवाना क्रमांक आणि प्रयोगशाळेच्या तपासणीचा उल्लेख बघा. “ओळखीतून स्वस्तात” मिळणारा, सील नसलेला डबा कितीही जवळच्या माणसानं दिला तरी परत करा.

क्रिएटिन मोनोहायड्रेट (स्नायूंना झटपट जोर लावायला मदत करणारा घटक) मला पावडरीपेक्षा जास्त कामाचं वाटतं. आहारातून ते मांसातूनच येतं, त्यामुळं मांस न खाणाऱ्यांच्या स्नायूंत त्याचा साठा कमीच असतो. डब्यातलं क्रिएटिन प्रयोगशाळेत तयार होतं, त्यात प्राण्याचं काही नसतं. रोज ३ ते ५ ग्रॅम, पाण्यात घालून, कधीही. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी लांब राहावं.

वही ठेवा

एवढं खाऊन वजन उचललं नाही तर त्या प्रथिनांचं स्नायूत रूपांतर होत नाही, ती नुसती जाळली जातात. जिममध्ये स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच, रोइंग असो की तालमीत जोर-बैठका, दर आठवड्याला थोडं वजन किंवा थोडे आकडे वाढले पाहिजेत. जोर-बैठकांत आकडा शंभराच्या पुढं गेला की ताकदीपेक्षा दमसास वाढतो, तेव्हा पाठीवर वजन घेऊन कमी आकडे काढा. एका वहीत तारीख, व्यायाम, वजन, आकडे लिहा. सात-आठ तास झोप.

स्वतःचं वजन आठवड्यातून एकदा, सकाळी उठल्यावर, पोट साफ झाल्यावर करा. बारीक माणसाचं महिन्याला एक ते सव्वा किलोनं वाढत असेल आणि वहीतले आकडेही वाढत असतील तर काहीही बदलू नका. तीन आठवडे काटा हललाच नाही, तर पहिला संशय प्रथिनांवर घेऊ नका. उसळ-डाळीनं पोट लवकर भरतं आणि एकूण खाणं कमी पडतं, हे व्हीगन ताटात फार होतं. रोज ४० ग्रॅम शेंगदाणे आणि गुळाचा एक खडा वाढवा, म्हणजे अडीचशेच्या आसपास कॅलरी वाढतील, आणि पुन्हा दोन आठवडे बघा. कमरेचा घेर वाढतोय पण वहीतले आकडे तिथंच आहेत असं दिसलं तर शेंगदाणे परत काढा आणि व्यायामाकडं बघा. तीन महिन्यांनी बी १२, डी आणि हिमोग्लोबिनची तपासणी परत करून घ्या, आणि तो कागद त्याच वहीत चिकटवून ठेवा.